तीनदा म्हणायचं वाक्य

“किती कॉपी?” झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीनं मान वर न करता विचारलं आणि मी तीन बोटं दाखवली. बोटांनी भागतं तिथं मी तोंड उघडत नाही. तिला बोटं दिसलीच नाहीत. “काका, किती?” तिनं पुन्हा विचारलं आणि मग मला ‘तीन’ म्हणावंच लागलं. त, त, त, तीन. मागं उभा असलेला माणूस भिंतीवरचे लॅमिनेशनचे दर वाचायला लागला. लोक चांगले असतात, माझं अक्षर अडलं की ते काहीतरी वाचायला घेतात. मशीन घरघरलं, पहिलं पान गरमगरम बाहेर आलं, आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी ते उचललं. साक्षीच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं : ‘सदर भाषण गणराज यांनी लिहून दिले होते. मी ते फक्त वाचले. त्याचा अर्थ काय घेतला जाईल हे मला माहीत नव्हते. त्याचा परिणाम काय होईल हे मला माहीत नव्हते. कामगार काम बंद करतील हे मला माहीत नव्हते.’ खाली आमच्या युनियनच्या अध्यक्षाची, दादासाहेबची सही. शेवटच्या अक्षराची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली.

गणराज म्हणजे मी. आणि शरमेची गोष्ट अशी की ते वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर दादासाहेब तिसऱ्या वेळी चुकला. तिसऱ्या वेळी एक शब्द बदलायचा असतो. दोनदा तेच म्हणायचं आणि तिसऱ्यांदा म्हणताना वाक्याला जरासं वळवायचं, नाहीतर ते जागच्या जागी फिरत बसतं. सहा वर्षं त्याला हे घोकून घोकून सांगितलं आणि ऐन वेळी गडी विसरला, असं मला वाटलं, अगदी मास्तराला वाटावं तसं. तेवढ्यात दुसरं पान बाहेर आलं, त्यावर तेच, मग तिसरं, त्यावर तेच, आणि तेव्हा कुठं मला त्यातलं माझं नाव वाचता आलं. मशीनला काय, ते शंभरदा तेच म्हणेल. पण दादासाहेबनं हे कोणासमोर तरी बसून, चहा पीत, सावकाश सांगितलं असणार. त्यानं मला विकलं होतं. मी पैसे दिले आणि सुट्टे घ्यायचे विसरून बाहेर आलो.

त्या दिवशी साडेअकराला माझी चौकशी होती. पोलिसांची नव्हे, कंपनीची. निघोज्याच्या आमच्या कंपनीत कोणाला काढायचं झालं की आधी आरोपपत्र देतात, मग एका वकिलाला चौकशी अधिकारी नेमतात, आणि मग तो वकील आपल्या ऑफिसात सगळ्यांना समोरासमोर बसवून एकेक वाक्य टाइप करून घेतो. माझ्यावरचा आरोप एकच होता : बेकायदा काम बंद पाडण्यासाठी चिथावणीखोर भाषण तयार करणे. सिद्ध झाला तर नोकरी गेली. आणि माझी नोकरी जाणं म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हतं. बेचाळिसाव्या वर्षी मला कुठंतरी इंटरव्ह्यूला बसावं लागणार होतं, ‘आपलं नाव सांगा’ असं कोणीतरी म्हणणार होतं, आणि मी ग, ग, ग करत टेबलापलीकडच्या माणसाला भिंत वाचायला लावणार होतो. ही नोकरी मला आयटीआयमधून मिळाली होती. तिथं फक्त हात बघितले होते. अशी नोकरी माणसाला दोनदा मिळत नाही.

टूलरूममधला इकबाल माझा बचाव प्रतिनिधी होता. त्यानंच सकाळी आठला साक्षीची प्रत मोबाइलवर पाठवली, पाठोपाठ फोन केला. “वाचू नको, झेरॉक्स काढून आण फक्त,” असं तो म्हणाला होता. म्हणजे मी वाचणार हे त्याला माहीत होतं. आता मी दुकानासमोर उभं राहून त्याला फोन लावला तर म्हणाला, “वाचलास ना? देख भावा, डोकं थंड ठेव. कागद नाही त्यांच्याकडे. एकच साक्षीदार, तोसुद्धा स्वतः अडकलेला. तुला विचारतील, भाषण तुझं का. तू फक्त नाही म्हण. एक शब्द. बाकी मी बघतो.” मी म्हणालो, प, प, प, पण. इकबालनं वाट बघितली. इकबाल नेहमी वाट बघतो, हा त्याचा मोठेपणा आहे, आणि दादासाहेब कधीच बघत नसे. माझं अक्षर अडलं की दादासाहेब पुढचा शब्द स्वतःच पुरवायचा आणि बहुतेक वेळा बरोबर पुरवायचा. त्यालाच मी मैत्री समजत होतो.

रुपीनगरहून पिंपळे सौदागरला जायला मी गाडी काढली. हेल्मेटच्या आत मी फार छान बोलतो. निगडीचा चौक येईपर्यंत मी दादासाहेबला असं काही सुनावलं की त्यानं माझे पाय धरले असते. आत माझी जीभ कधी अडत नाही. लहानपणी गावाकडं, जामखेडजवळ, आमच्या शाळेत मला ‘लुना’ म्हणायचे, कारण लुनासारखं मला चार पायडल मारल्याशिवाय सुरू होता येत नसे. माझी आई, कुसुमताई तिचं नाव, मला बाहेर कोणी काही विचारलं की स्वतःच उत्तर द्यायची आणि घरी आल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, “येतंय, येतंय, येतंय.” काय येतंय ते तिनं कधी सांगितलं नाही, पण त्या तीनदा म्हणण्यानं माझा श्वास खाली बसायचा. पुढं मला एक युक्ती सापडली. अक्षर अडायच्या आधीच आपण आख्खा शब्द मुद्दाम दोनदा म्हणायचा. ‘आम्ही, आम्ही काल शेतात गेलो. आम्ही, आम्ही विहीर बघितली.’ मग अडणं आलं तरी ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं. निबंधातही मी तसंच लिहायला लागलो आणि मराठीच्या बाईंनी लाल शाईत शेरा मारला : पुनरुक्ती दोष. मी त्यांना काय सांगणार? ज्याला तुम्ही दोष म्हणता त्याच्या आधारानं मी वाक्याच्या शेवटापर्यंत पोचतो, हे सांगायलासुद्धा मला तीनदा सुरुवात करावी लागली असती. एकदा मात्र स्नेहसंमेलनात मला नाटकात प्रधानाचं काम दिलं, चेष्टा म्हणूनच दिलं असणार, आणि मी ते घडाघडा म्हटलं. एक अक्षर अडलं नाही. खाली बसलेली पोरं गपगार झाली. बोलणं दुसऱ्याचं असलं की माझ्या जिभेला काही अडचण नसते, हे त्या दिवशी मला कळलं.

कदाचित म्हणूनच मी दादासाहेबसाठी लिहायला लागलो. तो निघोज्याचाच, ज्या जमिनीवर कंपनी उभी राहिली त्यातली दीड एकर त्याच्या वडलांची, त्या बदल्यात त्याला कायम नोकरी. सहा फूट उंच आणि भजनात तयार झालेला आवाज. युनियनचा अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्याकडं आवाज होता आणि सांगायला काही नव्हतं. माझं उलटं. आम्ही पत्रा दाबायच्या एकाच प्रेसवर आळीपाळीनं काम करायचो. एकदा त्याचं गेटवरचं भाषण फसलं, लोक डबे वाजवत बसमध्ये चढून गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागं बारा ओळी लिहून दिल्या. त्यानं वाचल्या, पुन्हा वाचल्या, म्हणाला, “आरं गणराज, हे तर गाण्यावानी हाय. तू लिहीत जा, मी बोलत जाईन. आपलं काय वायलं हाय का?” तेव्हापासून रीत पडली. मी शिसपेन्सिलीनं लिहायचं, त्यानं स्वतःच्या हातानं डायरीत उतरवून घ्यायचं, कारण हातानं लिहिल्याशिवाय त्याच्या डोक्यात राहायचं नाही, आणि मग माझा कागद तिथंच फाडून टाकायचा. “एकच प्रत असावी राव, गोंधळ न्हाई,” असं तो म्हणायचा. मला ते काळजी घेतल्यासारखं वाटायचं.

गेटवर बोलणं म्हणजे सभागृहात बोलणं नव्हे. पहिली पाळी सुटते आणि दुसरी आत जाते, त्या मधल्या बारा मिनिटांत सगळं आटपायचं. लोकांचं एक लक्ष बसकडं. आणि समोर चाकणचा रस्ता, त्यावरून गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर, हॉर्न वाजवत, एकामागून एक. म्हणून मी दादासाहेबला सांगितलं, वाक्य तीनदा म्हणायचं. पहिल्यांदा म्हणशील ते ट्रेलर घेऊन जाईल. दुसऱ्यांदा म्हणशील ते पुढच्या रांगेला ऐकू जाईल. तिसऱ्यांदा म्हणशील तेव्हा पुढची रांग ते तुझ्याआधीच म्हणायला लागेल, आणि तेव्हा एक शब्द बदल, म्हणजे ती दचकेल. ‘गेटच्या आत आपण कामगार. गेटच्या बाहेर आपण कामगार. गेटवर उभे राहिलो, तर आपणच गेट.’ हे पहिल्यांदा गाजलं. त्या दिवशी मी घंटेच्या खांबाला टेकून उभा होतो, सहाशे माणसं माझं वाक्य म्हणत होती, आणि माझ्या तोंडात नुसती लाळ सुटली होती. माझ्या तोंडात एकच अक्षर परत परत येतं आणि लोक तोंड फिरवतात. त्याच्या तोंडात माझंच वाक्य परत परत येत होतं आणि लोक जवळ सरकत होते. परत म्हणणं दोन्हीकडं सारखंच, आणि तरी केवढा फरक. घरी आल्यावर मी विजयश्रीला, माझ्या बायकोला, हे सांगितलं तर ती भाजी चिरताना म्हणाली, “अहो, पण टाळ्या तुमच्या आणि हार त्यांना, हे कसं?” मी हसलो. मला खरंच काही हवं होतं का? हवं होतं. आज कबूल करायला हरकत नाही. एकदा तरी, त्यानं माइकवरून नाही, नुसतं चहाच्या टपरीवर चार लोकांत म्हणायला हवं होतं, हे गणराजचं. सहा वर्षांत तो ते एकदाही म्हणाला नाही. आणि आता म्हणाला होता. सही करून म्हणाला होता. काळेवाडीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मला त्या साक्षीतली पहिली ओळच पुन्हा आठवली, ‘सदर भाषण गणराज यांनी लिहून दिले होते’, आणि छातीत काहीतरी सुखावलं. इतका मी लाचार होतो. सिग्नल सुटल्याचं मागच्या रिक्षावाल्यानं ओरडून सांगितलं.

आणि ते भाषण होतं तरी कोणतं? कस्तुराचं. कस्तुरा पॅकिंगला होती, कंत्राटी, जालन्याकडची. आमच्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे कुठलाच हात साच्यात राहू शकत नाही. काम लवकर उरकावं म्हणून सुपरवायझरनं त्यातलं एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलं होतं. ऑपरेटर आला नव्हता, कस्तुराला पॅकिंगवरून उचलून प्रेसवर बसवलं, आणि साडेअकराच्या सुमाराला तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जेवणाच्या सुट्टीत फलकावर नोटीस लागली : ‘एका व्यक्तीस किरकोळ इजा.’ मी ती वाचली. मी शौचालयाशेजारी उभं राहून फॉर्मच्या पाठीवर लिहिलं. त्या भाषणात मी काही शोभा केली नाही. ‘फळ्यावर लिहिलंय, एक व्यक्ती. तिला नाव आहे. ठेकेदाराच्या वहीत ती नुसता नंबर. तिला नाव आहे. आपणही तिला ए, ए बाई म्हणूनच हाक मारत आलो. तिचं नाव कस्तुरा.’ बस, एवढंच तीन तऱ्हांनी. तीनला दादासाहेब गेटवर उभा राहिला, त्यानं ते म्हटलं, तिसऱ्या वेळी आवाज खाली आणला, अगदी सांगितला होता तसा, आणि मागून कोणीतरी ‘कस्तुरा’ म्हणालं, मग दहा जण, मग सगळे. दुसरी पाळी आत गेलीच नाही. चार तास प्रेस बंद. आम्ही तसं ठरवलं नव्हतं, देवाशपथ ठरवलं नव्हतं. माणसं एक नाव म्हणत उभी राहिली आणि आत जायचं विसरली.

आरोपपत्र आधी दादासाहेबला मिळालं. दहा दिवसांनी ते मागं घेतल्याचं कळलं, आणि त्याच दुपारी मला दिलं गेलं. मी त्याच्याकडं गेलो तेव्हा तो कॅन्टीनबाहेर हात धूत होता. त्यानं ओल्या हातानं माझा खांदा धरला. “मी हाय ना. आरं, मी हाय ना. गणराज, मी हाय ना तुला.” तीनदा. मला त्या क्षणी ऐकू यायला हवं होतं. वाक्य कसं बांधतात हे ज्यानं त्याला शिकवलं, त्यालाच ते ऐकू आलं नाही. उलट माझा श्वास खाली बसला, आई म्हणायची तेव्हा बसायचा तसाच, आणि मी त्याचा शर्टावर उमटलेला ओला हात घेऊन घरी गेलो.

पिंपळे सौदागरला वकिलाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली केकचं दुकान आणि पाळीव कुत्र्यांचे केस कापायचं पार्लर. जिन्यात दादासाहेब उभा होता. मला बघून सरकला नाही, हे त्याचं मला अजूनही आवडतं. “गणराज, माझ्याबी मागं घर हाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्यांनी मला सरळ इचारलं, कुणी लिहिलं. मी काय सांगायचं? तुझ्याबद्दल मी एक शब्द खोटा न्हाई बोललो. सांग, बोललो का?” मी तोंड उघडलं. ह, ह, ह. “हलकट,” असं मला म्हणायचं होतं. तो सवयीनं माझा शब्द पुरवून गेला, “हरकत न्हाई, असंच ना?” त्याला खरंच तसं वाटलं असावं. मी वर गेलो.

आत लांब टेबल. एका बाजूला कंपनीचा एचआरचा माणूस, दुसऱ्या बाजूला मी आणि इकबाल, टोकाला वकीलसाहेब, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरवर टायपिस्ट, तिला सगळे अफरीन मॅडम म्हणत होते. इकबालनं उलटतपासणी झकास घेतली. भाषण कशावर लिहून दिलं? कागदावर. कुठं आहे तो? फाडला. कोणी? मीच. आणि डायरीत आहे ते अक्षर कोणाचं? माझं. म्हणजे गणराज यांनी लिहिल्याचा एकही कागद नाही? न्हाई. दादासाहेब प्रत्येक उत्तराला माझ्याकडं बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि मला, काय सांगू, त्याची कीव आली. मग एचआरच्या माणसाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं भाषणाची छापील प्रत पुढं सरकवली आणि दादासाहेबला ती वाचून दाखवायला सांगितली. ‘नोंदीवर येऊ द्या.’ दादासाहेबनं वाचलं. आयुष्यात कोणी इतकं वाईट वाचलं नसेल. पोतं ओतावं तसं एका दमात, कुठं थांबणं नाही, आवाज खाली आणणं नाही. ‘तिला नाव आहे’ पहिल्यांदा आलं आणि गेलं, दुसऱ्यांदा आलं आणि गेलं, आणि ‘तिचं नाव कस्तुरा’ हे त्यानं पत्ता वाचावा तसं वाचलं. थांब, इथं थांब, मेल्या, श्वास घे, असं मी आतल्या आत ओरडत होतो, आणि त्या ओरडण्यात मला स्वच्छ कळत होतं की माझं या जगात दुसरं काहीही नाही. ना गाडी, ना प्रेस, ना दोन खोल्या. ही पाच-सहा वाक्यं आहेत. टाळ्यांसाठी लिहिली नव्हती, दादासाहेबसाठीही नव्हती. एका बाईला फळ्यावर ‘व्यक्ती’ म्हटलेलं मला सहन झालं नव्हतं, आणि ते सहन न होणं पहिल्यांदाच पुरतं माझ्या तोंडाबाहेर पडलं होतं, दुसऱ्याच्या तोंडातून का होईना.

“गणराज,” वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “आत्ता वाचलं ते भाषण तुम्ही लिहिलं का?”

इकबालनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. अफरीन मॅडमची बोटं कीबोर्डवर थांबली. आता माझं अक्षर अडणार म्हणून एचआरचा माणूस आधीच खिडकीबाहेर बघायला लागला होता. आणि मी म्हणालो, “नाही.”

अडलं नाही. आख्खं, गुळगुळीत, एका झटक्यात. मला स्वतःलाच खरं वाटेना. “जरा मोठ्यानं,” वकीलसाहेब म्हणाले, “टाइप करायचंय.” मी म्हणालो, “नाही. ते भाषण मी लिहिलेलं नाही.” एवढं लांब वाक्य मी परक्या माणसांसमोर कधी सलग बोललो नव्हतो. अफरीन मॅडमनं ते टाइप केलं, मग रीतीप्रमाणं वाचून दाखवलं, “ते भाषण मी लिहिलेले नाही. बरोबर?” मी म्हणालो, “बरोबर.” पान छापून आलं, मी सही केली. दादासाहेब माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. त्याला धक्का बसला होता. खोटं बोलणारा साक्षीदार म्हणून त्याचं नाव आता कागदावर गेलं होतं आणि त्यानं एक शब्द खोटा सांगितला नव्हता. मला वाटलं होतं त्याला असं बघून बरं वाटेल. तसं काही झालं नाही. पुढची तारीख सांगून वकीलसाहेब उठले. “नोकरी वाचली तुझी, लिहून घे,” इकबाल माझ्या कानाशी म्हणाला, आणि आपले कागद गोळा करायला मागं राहिला.

खाली आलो तर केकच्या दुकानासमोर, गाड्यांच्या सावलीत, एक बाई उभी होती. उजव्या हाताला पट्टी, पदरात झाकलेली. इकबालनं तिला बटणाची हकीगत सांगायला बोलावलं होतं आणि आज तिची पाळीच आली नव्हती. कंपनीत एवढी वर्षं असून मी तिच्याशी एकदाही बोललो नव्हतो.

“तुमी गणराजभाऊ का?” कस्तुरा म्हणाली. मी मान डोलावली. “मगाशी वर पाणी प्यायला गेले व्हते, तर त्या टायपिंगवाल्या मॅडम म्हणल्या, त्या भाषणाच्या केसच्या कागदावर तुमचं नाव हाय.” ती जराशी हसली. “मी तवा दवाखान्यात. सगळे म्हणत्यात, सहाशे माणसं तुझं नाव घेत व्हती. माझ्या घरात बी कुणी घेत न्हाई हो, ए म्हणत्यात नाहीतर पोराची आई म्हणत्यात. पण काय म्हणलं व्हतं ते कुणालाच नीट सांगता येईना. तुमी लिहिलंय तर एकदा म्हणून दाखवता का?”

पाच पावलांवर एचआरचा माणूस गाडीच्या दाराशी फोन कानाला लावून उभा होता. तो बोलत नव्हता, नुसता ऐकत होता, फोनवरचं की आमचं ते कळत नव्हतं. त्या कागदावरची माझी सही अजून वाळली नसेल.

“मी नाही लिहिलं,” मी म्हणालो. पुन्हा तसंच, न अडता. “ते दादासाहेबांचं.”

“हां,” ती म्हणाली, “त्यांचंच असंल. आवाज बी मोठा हाय त्यांचा.” एवढ्यात दादासाहेब जिना उतरून आला आणि ती त्याच्यासमोर गेली. तिनं डावा हात आणि पट्टीचा हात जोडल्यासारखे केले. “दादासाहेब, माझ्या नावाचं ते भाषण एकदा म्हणून दाखवा की.”

दादासाहेबनं आधी गाडीशी उभ्या असलेल्या माणसाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याचा तो भजनात तयार झालेला आवाज मला पहिल्यांदाच बारीक ऐकू आला. “माझं न्हाई ते बाई. मी नुसतं वाचलं. त्यांचं हाय ते, गणराजचं.”

कस्तुरानं वळून माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडं. ती रागावली नव्हती, तिला फक्त समजत नव्हतं. “ते म्हणत्यात तुमचं, तुमी म्हणताय त्यांचं,” ती म्हणाली. “मग माझं नाव घेतलं कुणी?”

दादासाहेब खाली बघत होता. मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. मी तिच्या नावाचं पहिलं अक्षर घेतलं, क, आणि ते तिथंच राहिलं, क, क, क, टाळूला चिकटून, सुटेना. ती वाट बघत राहिली. गाडीशी उभ्या माणसानं फोन खाली घेतला, आणि मी तोंड मिटलं. तिनं पदर हातावर ओढून घेतला. मग तिनं विचारलं, “बरं, चाकणकडं जायची बस इथूनच मिळंल का?”

त्याचं उत्तर आम्ही दोघांनी एकदमच दिलं.